ओढ्याकाठचा मत्स्यपाठ

माशाचा पाठ शिकविण्याची आपल्या शाळांतील रीत ठरलेली आहे. भिंतीवर तक्ता टांगावयाचा, कल्ले, खवले, पर यांवर छडी ठेवावयाची आणि मुलांकडून नावे घोकून घ्यावयाची. भोगावती, तुळशी, कुंभी व कासारी यांच्या काठच्या पुष्कळ मुलांनी मृगाच्या पावसात चढणीचे मासे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. पण ते त्यांना कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा पाठ ओढ्याकाठी न्यावयास हवा, आणि या कामी शेतकऱ्याचे साहाय्य शिक्षकाइतकेच लागणार आहे. ओढा त्याच्या बांधालगत वाहतो, आणि ओढ्यात काय जावे हे पुष्कळसे त्याच्याच हाती असते. शाळा व्यवस्थापन समितीवर बसणारे आमचे वाचक थोडे नाहीत. त्यांनी हे मनावर घ्यावे.

आरंभ पाण्यातील हवेपासून करावा. मासा पाणी पितो, असे मुले समजतात. वस्तुतः तो तोंडाने पाणी घेऊन कल्ल्यांवरून बाहेर सोडतो, व त्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतील रक्तात घेतो. पाण्यात हवा असते हे दाखविण्यास एक पातेले पुरे. ओढ्याचे पाणी मंद आचेवर ठेवावे. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे जमतात, ते विरघळलेल्या हवेचे होत. म्हणजे पाणी तापले की हवा सोडते. २० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; ३० अंशांस तो साडेसातावर येतो. काचेच्या बरणीत एखादा लहान मासा ठेवून एका मिनिटात त्याच्या कल्ल्यांची झाकणे किती वेळा उघडतात ते मुलांनी सकाळी मोजावे व दुपारी पुन्हा मोजावे. आकडे वहीत लिहून झाले की मासा जिथला तिथे सोडून द्यावा. एवढ्यावरून, उन्हाळ्यात मासा का धापा टाकतो हे मुलांस न सांगता कळते.

यानंतर मुलांना बंधाऱ्यावर न्यावे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपणांस नवा नाही. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे बसवितात, व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढतात. या बंधाऱ्यांनी आपला ऊस जगविला, हे कोणी नाकारणार नाही. परंतु बरगे बसले की नदी तितक्या काळापुरती तळ्यांची माळ बनते. वाहते पाणी खडकांवर आपटून हवा घेत असते, साचलेल्या पाण्यास ती सोय नाही. त्यात गावचे सांडपाणी वा मळी मिसळली की ती कुजविणारे सूक्ष्म जंतू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. रात्री पाणवनस्पतींचाही श्वास चालूच असतो. म्हणून पहाटेच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच एकाहून अधिक वेळा पडला आहे. त्यामागचे कारण ओळखण्याइतके ज्ञान दहा वर्षांच्या मुलाला देता येते.

दोष केवळ शहराचा व कारखान्याचा, असे मानून मात्र आपणांस सुटता येणार नाही. पिकाने न घेतलेले खत पावसाबरोबर ओढ्यात उतरते व शेवाळास आणि जलपर्णीस पोसते. याहून गंभीर गोष्ट फवारणीची. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माणसास सौम्य म्हणून वापरली जातात, परंतु माशांस ती अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. फवारणीचा पंप ओढ्यात धुणारा शेतकरी मुलाने पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी पांढरी पोटे वर करून पडलेले मासे पाहिले, तर तो घरी येऊन प्रश्न विचारणारच. तो प्रश्न ज्यांना नको असेल त्यांना हा पाठही नको वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. पंप विहिरी-ओढ्यापासून दूर, पडीक जमिनीत धुवावा, हा साधा उपाय आहे.

माशांची नावे शिकविण्यास गावच्या भोई समाजातील एखाद्या जाणत्या वृद्धास शाळेत सन्मानाने बोलवावे. मरळ, वाम, शिंगाळा यांच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणत्या पुस्तकाला ठाऊक? या नावांची थोरवीही मुलांस सांगावी. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा येथील लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत गुंफली. शिंगाळ्याचे ‘सींघाला’ व दख्खनी महसीरचे ‘खुद्री’ आजही जगभर चालते. पुढे १९५६ मध्ये कळावर व केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांची यादी मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यातले आज किती उरले, हे मुलांनी वृद्धांकडून विचारून घ्यावे. चिलापी मात्र आपली नव्हे. ती १९५२ मध्ये आफ्रिकी कुळातून भारतात आली व आता पुष्कळ तळ्यांत ठाण मांडून बसली आहे.

चढणीच्या माशांचा पाठ पहिल्या पावसात घ्यावा, पण उथळ ओढ्यावर, काठावरूनच व वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यात पाण्याशी धिटाई नको. हे मासे अंडी घालण्यासाठी वर चढतात. पोटात गाबोळी असलेली मादी पकडली तर पुढच्या वर्षीची पिल्लेच पकडली. घरोघरी कालवणाचा मोह असतो, हेही खरे. निदान शाळेने त्या दिवशी जाळे न नेता केवळ किती मासे चढले ते मोजावे.

पाठ वर्षातून तीनदा व्हावा: चढणीच्या वेळी, बरगे बसविल्यावर, आणि चैत्र-वैशाखात पाणी खोल गेल्यावर. तीनही वेळा एकाच जागेची नोंद ठेवावी: पाण्याचा रंग, वास, दिसलेले मासे, कल्ल्यांचे आकडे. बरगे कोणत्या दिवशी बसणार हे बंधाऱ्यावरील पाणीवापर संस्थेच्या सभासदांनी मुख्याध्यापकांस आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे वर्ग त्या दिवशी काठावर उभा करता येईल.