हत्याराला दिवा, दिव्याला सेल

दुपारचे दोन. बाहेर मार्चचं ऊन रणरणतंय आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर वायरमन मोबाइल दातात धरून उभा आहे. एका हाताने मीटर बोर्डाचं झाकण वर धरलंय, दुसऱ्या हातात डिसमिस, म्हणजे बॅटरीसाठी उरले दात. मी म्हटलं, "द्या, मी धरतो." मोबाइल माझ्या हातात देत तो म्हणाला, "धरा काका, पण तुम्हाला दिसतंय तिकडे नको. मला बघायचंय तिकडे धरा."

त्या एका वाक्यात या लेखाचा निम्मा विषय आला.

मानखुर्दमध्ये दिवसाढवळ्या बॅटरी लागते, यात नवल नाही. रेल्वे रुळांलगतच्या झोपड्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी उभ्या केलेल्या या इमारती. सव्वादोनशे चौरस फुटांची घरं, आणि दोन इमारतींमधली फट इतकी चिंचोळी की खालच्या मजल्यांना ऊन फक्त ऐकून माहीत. महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या अशा तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला, तोही उजेड-हवा आणि क्षयरोग यांचा संबंध शोधणारा. त्यापुढे आपला विषय किरकोळ आहे. पण सिंकखालचा अँगल कॉक गळायला लागला किंवा एमसीबी पडला की उजेडाचा प्रश्न घरातल्या माणसाच्या गुडघ्याशी येऊन बसतो, हेही खरं.

आणि नेमक्या याच प्रश्नाला उत्तर म्हणून संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या पाटीवर दिवेवाली हत्यारं चमकत असतात. दिव्याचा डिसमिस, दिव्याचा टेप, दिव्याची हातोडी, एकदा तर दिव्याची पक्कडही पाहिली. विकणारा बटण दाबतो, पांढराशुभ्र उजेड तुमच्या तळहातावर पडतो आणि शंभर-दीडशे रुपये खिशातून बाहेर यायला लागतात. ती खरंच कामाची का?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. दिवा असलेलं हत्यार काही नवीन नाही. प्रत्येक वायरमनच्या शर्टाच्या खिशाला पेनासारखं लटकलेलं असतं ते, टेस्टर. त्यातला नारिंगी निऑन दिवा काहीही उजळत नाही, त्याच्या उजेडात तुम्हाला स्वतःचं बोटसुद्धा दिसणार नाही. तो फक्त एक बातमी देतो: इथे फेज आहे. पात्यातून आलेला विद्युतप्रवाह आतल्या मोठ्या रोधातून आणि निऑनमधून जातो, मागच्या धातूच्या टोपीवर ठेवलेल्या बोटातून तुमच्या अंगात आणि अंगातून जमिनीत. सर्किटमध्ये आपण स्वतःच असतो. मधल्या रोधामुळे प्रवाह एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी राहतो, म्हणून झटका बसत नाही. भारतीय मानक आयएस ५५७९ हे याच लाइन टेस्टरसाठी आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या तापडियासारख्या जुन्या कंपनीचा टेस्टर साधारण चाळीस ते ऐंशी रुपयांत मिळतो. पाटीवरचा वीस रुपयांत. हा फरक वाचवू नका, कारण इथे पैसे तुम्ही त्या रोधाचे देताय.

टेस्टरच्या दोन खोडी माहीत हव्यात. उन्हात, गच्चीच्या टाकीजवळ वगैरे, निऑन पेटलेला दिसतच नाही. आणि पायात जाड रबरी चप्पल, खाली कोरडं लाकडी स्टूल असलं की तो इतका मंद होतो की नाहीच असं वाटतं. म्हणून जाणता वायरमन आधी चालू असलेल्या पॉइंटवर टेस्टर लावून बघतो, मग बंद केलेल्यावर, आणि मग पुन्हा चालूवर. टेस्टर पेटला तर फेज आहे असं समजायचं. पेटला नाही तर एवढंच समजायचं की टेस्टर पेटला नाही.

याचाच शहरी चुलत भाऊ म्हणजे स्पर्श न करता वायरजवळ नेताच दिवा लावणारा आणि पिकपिक करणारा पेन. साधारण अडीचशे ते सहाशे रुपये, नामांकित परदेशी कंपनीचा दीड-दोन हजारांच्या पुढे. भिंतीतली वायर शोधायला, बोर्ड उघडण्याआधी खात्री करायला चांगला. शेजारच्या वायरच्या ओढीनेही तो वाजतो, तेव्हा त्याचं वाजणं ही सावधगिरीची सूचना समजायची. आकडे दाखवणारा 'डिजिटल' टेस्टर मात्र घेऊ नका. शंभर रुपयांत मिळणारं ते यंत्र १२, ३६, ५५, ११०, २२० अशी ठरावीक पायरी दाखवतं. बंद वायरवरही शेजारच्या चालू वायरमुळे ११० येतो आणि घरातला शहाणा माणूस जाहीर करतो की आपल्याकडे अर्धंच व्होल्टेज येतंय!

आता उजेड पाडणारे दिवे. इथे शाळेतलं थोडं भौतिकशास्त्र कामी येतं. दिवा तिप्पट जवळ नेला की त्याच जागी नऊपट उजेड पडतो. डोक्यावरची बॅटरी कामापासून दीड हात लांब असेल आणि हत्यारावरचा दिवा वीतभरावर, तर हत्याराचा दिवा फुसका असूनही पुरतो. दिवेवाल्या हत्यारांची सगळी वकिली एवढ्यावर उभी आहे, आणि ती खोटी नाही.

पण सावली कुठे पडते? दिव्याच्या डिसमिसात साधारणपणे मुठीच्या टोकाला, दांड्याच्या कडेने दोन-तीन एलईडी असतात. मी एक आणून स्विच बोर्डाच्या स्क्रूवर लावून पाहिला. बोर्डाभोवतीची भिंत झगझगीत झाली, स्क्रूच्या खाचेत दांड्याची सावली, आणि भिंतीच्या झगमगाटाने डोळे दिपल्यामुळे बोर्डाच्या आतला काळोख आणखी गडद. शिवाय बिट एकदा खाचेत बसला की बघायचं असं काही उरतच नाही, पुढचं काम हाताला कळतं. उजेड हवा असतो तो खाच सापडेपर्यंत, आणि खाच शोधताना हत्यार नेमकं तिच्यापासून लांब असतं.

त्याहून मोठी तक्रार वेगळी आहे. विजेच्या कामाच्या चांगल्या डिसमिसावर एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण आणि १००० व्होल्टचा छाप असतो. त्याचा दांडा टोक सोडून बाकी आवरणात असतो. पाटीवरच्या दिव्याच्या डिसमिसाचा दांडा उघडा, मागचं सेलचं झाकण धातूचं, आणि मधे काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. त्याने चष्म्याचा स्क्रू बसवा, खेळण्याचं झाकण काढा, पण वीज चालू असलेल्या बोर्डाच्या आसपास तो नेऊ नका.

हातोडी आणि टेप यांच्यावर फार शब्द घालवत नाही. हातोडीचा प्रत्येक ठोका दिव्याच्या डाखावरही बसतो. आणि टेपचा दिवा टेपच्या डबीवर असतो, तर वाचायचा आकडा बहुतेक वेळा तिच्यापासून लांब. दोन्ही गंमत आहेत, भाच्याला द्यायला ठीक.

ड्रिल मशीनचं प्रकरण मात्र निराळं. बॅटरीवर चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या ड्रिलमध्ये दिवा असतोच, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि सेलची कटकटही नाही, कारण तो मुख्य बॅटरीवरच चालतो. बारा व्होल्टचं बऱ्यापैकी मशीन साधारण साडेचार ते आठ हजारांत येतं. दुकानात बघायचं ते दिव्याची जागा. ट्रिगरच्या वर, चकच्या लगेच खाली असेल तर चकची सावली नेमकी भोकावर पडते. खाली बॅटरीच्या पायथ्याशी असून वर तिरका रोखलेला असेल तर बिटचं टोक उजळतं. चकभोवती तीन दिव्यांचं कडं असेल तर सर्वात उत्तम, एकाची सावली दुसरा पुसतो. आणखी एक: ट्रिगर अर्धवट दाबला की बिट न फिरता दिवा लागतो का, आणि सोडल्यावर पाच-दहा सेकंद राहतो का? भोक पाडायच्या आधी खूण दिसायला हवी, पाडून झाल्यावर उजेडाचं काय करायचं. तारेचं साधं मशीन दोन-तीन हजारांत येतं, त्यात बहुधा दिवा नसतो. केवळ दिव्यासाठी दुप्पट पैसे टाकून बॅटरीवालं घेण्यात अर्थ नाही. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याने तर मशीनच घेऊ नये, वायरमनला बोलवावं.

दिवा असावाच असं एक हत्यार सांगतो: लांब होणारी, टोकाला चुंबक आणि चुंबकाशेजारी एलईडी असलेली काठी. दीडशे ते चारशे रुपये. गॅसच्या ओट्यामागे पडलेला नट, कपाटाखाली गेलेला वायसर, दुचाकीच्या इंजिनाच्या बेचक्यात अडकलेला बोल्ट, जिथे डोकं जात नाही आणि बॅटरीही जात नाही तिथे ही जाते. इथे हत्याराचं टोक आणि नजरेचं लक्ष्य एकच, म्हणून दिवा टोकावर शोभतो. तसंच मोबाइल दुरुस्तीवाल्यांचं भिंगाचं पट्टेवालं चष्म्यासारखं साधन, तीनशे ते सहाशेला. आमच्या भाषेत वयालाही चाळिशी म्हणतात आणि वाचायच्या चष्म्यालाही. ती लागली की पूर्वीच्या उजेडात खाचा दिसेनाशा होतात. चष्म्याचा नंबर वाढवण्याआधी उजेड वाढवून बघा.

आता हिशेब. दिव्याचा डिसमिस दीडशेचा धरा. त्यात बटणाएवढे तीन सेल, बहुतेक एलआर-४४ जातीचे. मूळ सेल दुकानात पडून अर्धमेलेच असतात, तीन-चार महिन्यांत मान टाकतात. नवे तीन तीस ते साठ रुपयांना. मुंबईच्या पावसाळ्यात विसरलेला सेल फुटून आतून हिरवा-पांढरा खार धरतो आणि दिवा कायमचा जातो. टेप, हातोडी, पक्कड, प्रत्येकाला दिवा म्हणजे प्रत्येकाला सेल. याउलट चांगल्या पोलादाचा साधा डिसमिस साठ ते सव्वाशे, आणि चार्जिंगची डोक्यावरची बॅटरी दोनशे ते पाचशे. मिळून साडेतीनशे-चारशे धरा. ती एक बॅटरी तुमच्या पेटीतल्या प्रत्येक हत्याराला दिवा लावते, दोन्ही हात मोकळे ठेवते आणि मान वळवाल तिकडे वळते. 'मला बघायचंय तिकडे' हे तिला सांगावं लागत नाही.

तिचंही एक वैगुण्य आहे. समोरच्याशी बोलायला मान वर केली की त्याचे डोळे दिपतात. जोडीने काम करणारे म्हणून बहुधा दुसरा पर्याय घेतात, मागे चुंबक असलेला, चार्जिंगचा पट्टीसारखा दिवा, तीनशे ते नऊशे. मीटर बोर्डाच्या लोखंडी दाराला चिकटवला की झालं. प्लॅस्टिकच्या बोर्डाला चिकटत नाही, हे घरी आणल्यावर कळतं.

हे सगळं घ्यायचं कुठून? घाई असेल तर मानखुर्दच्याच हार्डवेअरच्या दुकानातून. दहा-वीस रुपये जास्त जातील, पण बिघडलं तर माणूस तिथेच बसलेला आहे. चार हत्यारं एकदम घ्यायची असतील तर हार्बरची गाडी धरून मशीद बंदरला उतरा. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, विजेचं सामान लोहार चाळीत. मानखुर्दमधल्याच मंडाळ्याच्या भंगारातून जुन्या लोखंडी पान्ह्यासारखी वस्तू मिळाली तर जरूर आणावी, पान्हा म्हातारा होत नाही. चार्जिंगची कुठलीही वस्तू मात्र तिथून नको. आतली लिथियम बॅटरी किती उन्हापावसातून गेलीय ते वरून दिसत नाही, आणि ती पेटली तर सव्वादोनशे फुटांच्या घरात पळायला जागा नाही. नवी घेतानाही वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि बॅटरीवर 'आर' अक्षराने सुरू होणारा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक बघा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर आणखी कर लावणाऱ्याला बिल मागितलं की तो आपोआप कमी होतो. नाहीच झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुकानात एक परीक्षा स्वतः करा. दिवा तळहातावर पाडून बघू नका, तळहातावर काजवासुद्धा चांगला दिसतो. हत्यार कामाच्या पद्धतीने धरा, काउंटरखालच्या अंधाऱ्या कप्प्यात न्या आणि टोकावर उजेड पडतो की सावली ते बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

घरात लहान मूल असेल तर मात्र सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, हे किमतीच्याही आधी पाहा. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. तिथे थांबून बघायचं नसतं, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं असतं. नुसत्या नखाने उघडणारं झाकण असेल तर ती वस्तू पाटीवरच राहू द्या.

त्या दुपारी मीटर बोर्डाचं काम वीस मिनिटांत आटोपलं. सैल झालेला न्यूट्रलचा स्क्रू होता, बाकी काही नाही. जाताना वायरमनला माझा दीडशेचा दिव्याचा डिसमिस दाखवला. त्याने बटण दाबलं, दोनदा उलटसुलट करून पाहिला, दांड्यावर नख घासलं. "स्क्रू काढायला नको, पातं मुरगळेल," तो म्हणाला. "पण असू द्या काका, लाइट गेल्यावर मेणबत्ती शोधायला बरा."