चिंता म्हणजे अश्रद्धा नव्हे

प्रश्न : पती वारल्यापासून घरी एकटीच असते, मुलगा परदेशी आहे. रात्री छाती धडधडते आणि प्रार्थनेला बसले तरी शब्द सुचत नाहीत. श्रद्धा कमी पडते आहे का?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : आपली श्रद्धा उणी पडलेली नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेत, म्हणजे 150 प्रार्थनागीतांच्या संग्रहात, विलापस्तोत्रे, अर्थात देवापुढे दुःख व तक्रार मांडणारी गीते, मोठ्या संख्येने आहेत. आणि गेथशेमाने बागेत व्याकूळ झालेल्या येशूनेही शिष्यांना सोबत जागे राहण्यास सांगितले होते.

शब्द सुचत नसतील तेव्हा एखादे स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचावे किंवा रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावी. संत पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात चिंतेच्या वेळी विनंतीला आभाराची जोड देण्यास सांगितले आहे; म्हणून झोपण्यापूर्वी मनातील भीती नेमकेपणाने देवापुढे मांडावी आणि दिवसभरातील एका तरी चांगल्या गोष्टीबद्दल त्याचे आभार मानावेत. एकटेपणासाठी शेजारणीबरोबर प्रार्थनेचा वार ठरवावा, तसेच धर्मगुरूंना घरी येण्याची विनंती निःसंकोचपणे करावी.

मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर व पाणी दिले, हे ध्यानात घेऊन शरीराकडेही लक्ष द्यावे. धडधड डॉक्टरांना अवश्य दाखवावी, चालू औषधे प्रार्थनेच्या भरवशावर बंद करू नयेत आणि निराशा वाढल्यास ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. असे साहाय्य घेणे हाही देवावरील विश्वासाचाच भाग आहे.