पुढच्या भागाकडून आपण नेमकं काय मागतो?

'झोंबी'वर लेख देतोय असं सांगितलं तेव्हा मासिकाच्या मॅडमना वाटलं, मी आनंद यादवांच्या पुस्तकावर लिहिणार. त्या एकदम खूश झाल्या. मग मी खरा विषय सांगितला. "बरं, पण अभ्यासपूर्ण असू दे हं," एवढंच म्हणाल्या. तर मंडळी, हा लेख अभ्यासपूर्ण आहे. चक्क जर्नलसारखा लिहिलाय : उद्देश, थिअरी, निरीक्षणं, निष्कर्ष. फक्त सरांची सही घ्यायची राहिली आहे.

एक सूचना. पुढे '२८ डेज लेटर' मालिकेतल्या चित्रपटांची गोष्ट उघड होणार आहे. ज्यांना आधी बघायचे असतील त्यांनी बघून घ्यावेत, मासिक कुठे पळून जात नाही.

उद्देश

डिसेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि आमच्या विंगमधली सात-आठ टाळकी एका लॅपटॉपभोवती जमलेली. '२८ इयर्स लेटर'चा ट्रेलर आला होता. पार्श्वभूमीला एक जुनाट, खरखरीत आवाज रुडयार्ड किपलिंगची 'बूट्स' ही कविता म्हणत होता. ते ध्वनिमुद्रण १९१५ चं आहे. (किपलिंग म्हणजे १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मलेला, तोच.) सैनिकांच्या पावलांचा तोच तोच ठेका, आणि पडद्यावर कवट्यांचा ढीग. ट्रेलर संपल्यावर क्षणभर कुणीच बोललं नाही. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले!

माझा रूममेट म्हणाला, "या वेळी नुसती पळापळ पाहिजे. श्वास घ्यायला वेळ देता कामा नये." शेजारच्या खोलीतला सिलियन मर्फीचा भक्त आहे. ट्रेलरमध्ये गवतातून एक हाडकुळा इन्फेक्टेड उठताना दिसतो. "तो जिमच आहे, लाव पैज!" असं म्हणून त्यानं वडापावची पैज लावली. मेकॅनिकलचा एकजण म्हणाला, "आधी मला हे सांगा, ही माणसं उपाशी राहून मरतात ना? मग अठ्ठावीस वर्षं टिकली कशी? एनर्जी बॅलन्स बसत नाही." चौथा म्हणाला, "मोबाईलवर शूट केलंय म्हणे. तिकीट काढून मोबाईलचं शूटिंग काय बघायचं?"

मी म्हणालो, "पहिल्यासारखं काही होणार नाही."

रूममेटनं विचारलं, "पहिल्यासारखं म्हणजे नेमकं काय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधणं, हाच या लेखाचा उद्देश.

त्या रात्री मी असाइनमेंटचा एक कागद फाडला. प्रत्येकानं आपली अपेक्षा एका ओळीत लिहायची, आणि चित्रपट बघितल्यावरच कागद उघडायचा. मी लिहिलं, 'पहिल्यासारखा असावा.' कागद थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात गेला. तिथे तो सुरक्षित राहणार याची खात्री होती.

थिअरी

आजच्या झोंबी चित्रपटांचा पाया जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली घातला. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल आणि अतिशय कमी पैशांत केलेला चित्रपट. गंमत म्हणजे त्यात 'झोंबी' हा शब्दच नाही. मेलेली माणसं उठतात, हळूहळू चालत येतात, आणि शेतावरच्या एका घरात अडकलेली जिवंत माणसं आपापसांत भांडत बसतात. पुढचा 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) शॉपिंग मॉलमध्ये घडतो, आणि 'डे ऑफ द डेड' (१९८५) जमिनीखालच्या तळावर, जिथे सैनिक आणि शास्त्रज्ञांचं पटत नाही. या तीन चित्रपटांत एकही पात्र सामाईक नाही! तरी ती एक मालिका आहे हे कुणालाही कळतं. 'डे' आला तेव्हा बऱ्याच जणांना तो आवडला नव्हता, आज त्याची गणना चांगल्या चित्रपटांत होते.

२००२ मध्ये दिग्दर्शक डॅनी बॉईल आणि लेखक अ‍ॅलेक्स गारलंड यांनी '२८ डेज लेटर' काढला. यातली माणसं मेलेली नाहीत. त्यांना 'रेज' नावाच्या विषाणूची लागण झाली आहे. रक्ताचा एक थेंब गेला की काही सेकंदांत माणूस पिसाळतो. आणि ही माणसं चालत नाहीत, धावतात. जिम नावाचा तरुण अठ्ठावीस दिवसांनी हॉस्पिटलमध्ये कोमातून जागा होतो आणि रिकाम्या लंडनमधून एकटाच चालत जातो. ते दृश्य पहाटे, रहदारी थोडा थोडा वेळ थांबवून घेतलेलं आहे. मोठा फिल्मचा कॅमेरा मांडण्यात वेळ गेला असता, म्हणून कॅनन एक्सएल-वन हे छोटे डिजिटल व्हिडिओ कॅमेरे वापरले. आज आपल्या खिशातल्या फोनचं रेझोल्यूशन त्याहून कितीतरी जास्त आहे. पण ते भुरकट, दाणेदार चित्रच त्या चित्रपटाची ओळख झालं. म्हणजे २०२५ साली बॉईलनं बराचसा भाग आयफोनवर घेतला, काही ठिकाणी तर एका कमानीवर वीस फोन बसवून, ती काटकसर नव्हती. ती जुनीच सवय होती.

२००७ मध्ये '२८ वीक्स लेटर' आला. दिग्दर्शक बदलले, हुआन कार्लोस फ्रेस्नादियो. बॉईल आणि गारलंड फक्त कार्यकारी निर्माते. शेवटी संसर्ग पॅरिसपर्यंत पोचतो. त्यानंतर तब्बल अठरा वर्षं काहीच नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून आमचा कागद वाचला, तर अपेक्षांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार नियमांचा. लागण कशी होते, किती सेकंदांत होते, इन्फेक्टेड काय खातात. मेकॅनिकलवाल्याची हरकत या रकान्यातली.

दुसरा चवीचा. वेग, भीती, संगीत, कॅमेरा, आवडता नट. रूममेट, मर्फीभक्त आणि मोबाईलवाला हे तिघेही इथले.

तिसरा प्रश्नाचा. प्रत्येक चांगल्या झोंबीपटाच्या पोटात एक प्रश्न असतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' जानेवारी २०२२ मध्ये आला. डोंबिवलीतला टॉवर, शेजारची वस्ती आणि मधे पाणी. पाणी कुणाला मिळतं, हा त्याचा प्रश्न. झोंबी नंतर येतात.

मग '२८ डेज'चा प्रश्न कोणता? इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल.

आमची बॅच म्हणजे २०२० ची दहावी, जिचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. सुरुवातीला आम्ही नाचलो. मग लॉकडाऊन लांबत गेला. त्या दिवसांत मी '२८ डेज लेटर' पहिल्यांदा बघितला. जिमचं रिकामं लंडन बघून खिडकीबाहेर पाहिलं, तर आमचाही रस्ता तसाच.

जुलैमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन गेली. दारावर कागद चिकटला. त्यांचा नातू माझ्याच वयाचा. आम्ही रोज जिन्यात क्रिकेट खेळायचो. त्यानं खालूनच हाक मारली, "दुधाच्या दोन पिशव्या आणून दारात ठेवशील का?" आईनं दाराआडून "बघू नंतर" असं सांगितलं. मी तिच्या मागेच उभा होतो. मी काहीच बोललो नाही. चार दिवसांनी आजोबा गेल्याचं कळलं. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केला, घरच्यांना लांबूनही धड दिसलं नाही. नातू पुन्हा जिन्यात खेळायला आला नाही. मीही बोलवलं नाही.

आता चित्रपट आठवा. सेलिना आपल्या सोबत्याला लागण झाल्याची शंका येताच क्षणाचाही विचार न करता कोयत्यानं मारते. फ्रँकच्या डोळ्यात रक्ताचा थेंब पडतो, तेव्हा तो पोरीला आधी दूर ढकलतो आणि तिच्यावर प्रेम आहे असं ओरडून सांगतो, कारण हातात तेवढेच सेकंद आहेत. '२८ वीक्स'मध्ये डॉन बायकोला घरात सोडून पळतो, ती खिडकीतून बघत राहते. प्रश्न एकच आहे. आपल्या माणसाला लागण झाली की तो आपला राहतो का?

'पहिल्यासारखा' म्हणून मी हेच मागत होतो. फक्त २०२४ मध्ये मला ते माहीत नव्हतं.

निरीक्षणं

जून २०२५ मध्ये आम्ही पाचजण चित्रपट बघून आलो. परतताना बसमध्ये मारामारी व्हायचीच बाकी होती. रात्री कागद काढला.

मर्फीभक्ताची पैज हरली. गवतातला तो माणूस दुसराच कुणी निघाला. मर्फी या भागात दिसतच नाही, कार्यकारी निर्मात्यांत नाव तेवढं आहे. वडापाव वसूल केले.

एनर्जी बॅलन्सचं अर्धं उत्तर मिळालं. काही इन्फेक्टेड जमिनीवर सरपटत किडे खातात, काही शिकार करतात, आणि काही 'अल्फा' म्हणून भलतेच दांडगे झालेत. पण पॅरिसचं काय? युरोपातून संसर्ग हटवला आणि ब्रिटन बंदिस्त केलं, एवढं सुरुवातीलाच सांगून मोकळे! मेकॅनिकलवाल्याचं म्हणणं, ही स्टेप स्किप आहे, मार्क कापा.

रूममेटला पहिला अर्धा भाग फर्स्ट क्लास वाटला. लिंडिसफार्न बेटावरची वस्ती, भरतीला पाण्याखाली जाणारी एकुलती वाट (आपल्या हाजी अलीसारखी), आणि त्या वाटेवरून रात्री बापलेकाची पळापळ. पण दुसऱ्या अर्ध्यात स्पाइक हा बारा वर्षांचा मुलगा आजारी आईला डॉक्टरकडे घेऊन निघतो, तेव्हा रूममेट चुळबुळायला लागला. "हॉरर बघायला आलो होतो, रडायला नाही," हा त्याचा शेरा.

आणि तो शेवट! सोनेरी केसांचे विग आणि ट्रॅकसूट घातलेली एक टोळी उड्या मारत येते. आम्ही सगळे हसलो. नंतर कळलं की तो वेश जिमी सॅव्हिल या ब्रिटिश टीव्ही सूत्रसंचालकाचा आहे. मुलांचा लाडका म्हणून मिरवलेला हा माणूस २०११ मध्ये वारला आणि २०१२ मध्ये त्याचे मुलांवरचे अत्याचार उघडकीला आले. चित्रपटातलं ब्रिटन २००२ मध्येच थांबलेलं, म्हणून तिथल्या पोरांना तो अजून देवमाणूसच वाटतो. हे कळल्यावर हसू आपोआप बंद झालं.

माझ्या ओळीपुढे मी स्वतःच फुली मारली. पहिल्यासारखा नव्हताच. लंडन नाही, जिम नाही, ते संगीत नाही. निराश होऊन झोपलो. झोप मात्र लागेना, कारण डोळ्यांसमोरून डॉक्टर केल्सन हलत नव्हता.

राल्फ फाइन्सनं उभा केलेला हा डॉक्टर आयोडीननं अंग लाल करून रानात एकटा राहतो. सगळे त्याला वेडा समजतात. तो सापडतील ती प्रेतं गोळा करतो, हाडं स्वच्छ करतो आणि त्यांचे खांब रचतो. मधोमध कवट्यांचा उंच मनोरा. त्यात लागण झालेले आणि न झालेले असा भेद नाही. स्पाइकची आई कर्करोगानं जाणार हे ठरल्यावर केल्सन तिला शांतपणे निरोप देतो, आणि स्पाइक तिची कवटी घेऊन वर चढतो आणि सर्वांत उंच जागी, उगवतीकडे तोंड करून ठेवतो.

म्हणजे प्रश्न तोच होता. २००२ च्या चित्रपटानं विचारलं होतं, लागण झालेला माणूस आपला राहतो का? २०२५ च्या चित्रपटानं एक उत्तर दिलं, निदान गेल्यावर तरी राहतो.

निष्कर्ष

नियम मोडले म्हणून पुढचा भाग वाईट होत नाही. मेलेले धावत नाहीत हाही एक नियमच होता, तो मोडला म्हणून तर '२८ डेज' वेगळा ठरला. चव बदलली तर वाईट वाटणं रास्त आहे, पण तो पसंतीचा भाग झाला, मेसच्या आमटीसारखा. पुढच्या भागाकडे हक्कानं मागावी अशी गोष्ट एकच, त्यानं जुना प्रश्न पुढे न्यावा. तो सोडून दिला, तर तेच नट आणि तेच संगीत आणूनही उपयोग नाही.

अर्थात त्यासाठी आपला प्रश्न कोणता हे आपल्याला आधी माहीत हवं. माझा मला साडेचार-पाच वर्षं माहीत नव्हता.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा फराळाचं ताट घेऊन मी खालच्या मजल्यावर गेलो. दार नातवानंच उघडलं. तो आता नोकरीला लागलाय. भिंतीवर आजोबांचा फोटो होता. मी त्याला विचारलं, "आजोबा शेवटी काय म्हणाले होते रे?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग बोलायला लागला तो अर्धा तास बोलत होता. निघताना मी दुधाच्या पिशव्यांचा विषय काढला. म्हणाला, "आठवतंय मला." एवढंच. पण जिन्यापर्यंत सोडायला आला.

जानेवारी २०२६ मध्ये पुढचा 'द बोन टेम्पल' आला, या वेळी दिग्दर्शिका निया डाकोस्टा. विंगमध्ये पुन्हा तेच, बॉईल नाही म्हणजे संपलं, नाही रे, केल्सन आहे ना! मर्फीभक्ताला मात्र शेवटी शेवटी त्याचा जिम मिळाला, आणि त्यानं जुने वडापाव व्याजासकट परत मागितले. (पैज आधीच्या भागाची होती, त्यामुळे अर्ज फेटाळण्यात आला.)

या वेळच्या कागदावर मी तीन रकाने आखले होते : नियम, चव, प्रश्न. पहिले दोन पटापट भरले. तिसऱ्यापाशी सगळे थबकले. रूममेटनं तिथे लिहिलं, 'बघून सांगतो.' माझ्या मते सगळ्या कागदावरची ती सर्वांत प्रामाणिक ओळ होती.

तुमच्याही विंगमध्ये कुठल्या ना कुठल्या पुढच्या भागावरून वाद चालू असेलच. एक कागद फाडा, तीन रकाने आखा. प्रयोग सोपा आहे, साहित्य फुकट आहे आणि व्हायवा आपलीच आपण घ्यायची आहे.