चौथ्या पटावर

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ, असे आपण समजतो. मध्ये पट आणि दोन बाजूंना दोन खेळाडू. जिंकला तर श्रेय त्याचे, हरला तर दोषही त्याचाच. आजोबांनी मला हा खेळ शिकविला तेव्हा माझीही समजूत अशीच होती. ते देशी पद्धतीने खेळत. त्यांच्या पटावर प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरे, आणि राजाला एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा असे. आंतरराष्ट्रीय नियम मी पुढे महाविद्यालयात शिकलो. बुद्धिबळ संघानेही खेळतात, हेही मला तेथेच कळले.

संघाने खेळावयाचे म्हणजे चौघांनी मिळून एका पटावर डोकी लढवावयाची, असे मात्र नव्हे. दोन संघ समोरासमोर बसतात. पहिल्या पटावर दोन्ही संघांचे पहिले खेळाडू, दुसऱ्यावर दुसरे, याप्रमाणे चार पट एकाच वेळी चालू होतात. पहिल्या व तिसऱ्या पटावर एका संघाकडे पांढरी मोहरी असतात, तर दुसऱ्या व चौथ्या पटावर दुसऱ्या संघाकडे. जिंकणाऱ्याला एक गुण आणि बरोबरी झाल्यास दोघांना अर्धा अर्धा. चारांपैकी अडीच गुण ज्या संघाचे होतील, त्याने सामना जिंकला. शेजारी बसलेल्या मित्राला चाल सुचविणे तर दूरच, त्याच्या पटाकडे पाहून भुवई उंचावणेही गैर! चौघेही एकटेच खेळतात. परंतु प्रत्येकाच्या अर्ध्या गुणावर उरलेल्या तिघांचे भवितव्य अवलंबून असते.

ही प्रथा बरीच जुनी आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा पहिला बुद्धिबळ सामना 1873 साली लंडनमध्ये झाला. त्याच शहरात 1927 साली सोळा देशांचे संघ जमले आणि बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडला प्रारंभ झाला. 2024 साली बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिलांच्या अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळविले. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होती. खुल्या गटातील आपल्या संघाने अकरा सामन्यांपैकी दहा जिंकले व एक बरोबरीत सोडविला.

परंतु मी सांगणार आहे ती गोष्ट एवढी मोठी नाही. ती आहे 1986 च्या डिसेंबरातील, आमच्या तालुक्याच्या गावी भरलेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. स्पर्धेचा चिटणीस मीच होतो आणि आमच्या संघाच्या चौथ्या पटावर खेळणाराही मीच होतो.

चौदा महाविद्यालयांनी नावे पाठविली. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळावयाचे म्हटले तर एक्क्याण्णव सामने आणि तेरा फेऱ्या झाल्या असत्या. आमच्या हाती होते शनिवार व रविवार असे दोनच दिवस. म्हणून आम्ही स्विस पद्धत स्वीकारली. ही पद्धत 1895 साली झुरिच येथे प्रथम उपयोगात आली. तिच्यात हरलेला संघ बाद होत नाही. पुढच्या फेरीत शक्यतो सारख्या गुणांच्या संघांची गाठ घालून देतात आणि तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर येऊ देत नाहीत. त्यामुळे पाच फेऱ्यांतच बलवान कोण, हे पुरेसे दिसून येते. जोड्या लावण्याची मला मोठी हौस होती. पण प्राचार्यांनी ते काम पंचांकडे सोपविले. "जो खेळणार, त्याने जोड्या लावू नयेत," असे ते म्हणाले. पंच म्हणजे गावातील एक सेवानिवृत्त शिक्षक होते. प्रत्येक संघासाठी त्यांनी पुठ्ठ्याचे एक एक कार्ड केले होते. ती कार्डे टेबलावर मांडून, काढून, पुन्हा मांडून ते जोड्या ठरवीत. त्या वेळी त्यांच्याशी बोलण्याची कोणाची छाती होत नसे.

सर्वांत अवघड प्रश्न होता घड्याळांचा. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तबकड्या असतात. आपली चाल झाली की कळ दाबावयाची. आपली तबकडी थांबते आणि प्रतिस्पर्ध्याची चालू होते. प्रत्येकाला एक तास मिळणार होता. तो संपताच तबकडीवरील इवलीशी लाल झेंडी खाली पडते आणि पटावर कितीही चांगली स्थिती असली तरी खेळाडू हरतो. सात सामने म्हणजे अठ्ठावीस पट, तेव्हा घड्याळेही अठ्ठावीस हवीत. प्रत्येक संघाने दोन आणावीत, असे मी कळविले होते. प्रत्यक्षात नऊच संघांनी आणली. दहा कमी पडली. शुक्रवारी रात्री सायकलवरून गावभर हिंडून मी अकरा मिळविली. एक राखीव म्हणून वाचनालयाच्या कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली खिशात टाकली.

ती घड्याळे आजच्यासारखी विजेरीची नव्हती. त्यांना रोज किल्ली द्यावी लागे, तीही दोन्ही बाजूंना. शनिवारी सकाळी मी हे काम न चुकता केले. रविवारी मात्र निम्मी घड्याळे झाल्यावर वहीत काही चाली पाहत बसलो आणि उरलेल्यांना घाईघाईने किल्ली दिली.

रविवारी दुपारी शेवटच्या फेरीच्या वेळी स्थिती अशी होती. सामना जिंकल्यास दोन गुण आणि बरोबरी झाल्यास एक, या हिशेबाने आमच्या संघाचे आठ गुण होते. आमचे प्रतिस्पर्धी सातांवर होते आणि बाकीचे सहा किंवा त्याखाली. म्हणजे शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी चषक आमचाच होता. मी स्वतः चारही डाव जिंकले होते. प्रत्येक पटावरील सर्वोत्तम खेळाडूला एक पुस्तक मिळणार होते. चौथ्या पटासाठी ठेवलेले पुस्तक हत्तींच्या अंत्यखेळांवरचे होते. ते मीच निवडले होते. कोणासाठी निवडले होते, हे तुम्ही ओळखलेच असेल.

डाव सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. माझी चालण्याची पाळी होती आणि माझीच तबकडी चालू होती. इतक्यात पंच जवळ आले व हलक्या आवाजात म्हणाले, "पलीकडच्या सामन्यातील एक घड्याळ बंद पडले आहे. राखीव घड्याळ दे." मी चाल करून उठावयास हवे होते, निदान, "सर, माझी पाळी आहे," एवढे तरी सांगावयास हवे होते. पण ते घड्याळ कोणाच्या हयगयीने बंद पडले, हे मला ठाऊक होते. मी काही न बोलता उठलो. वाचनालय दुसऱ्या टोकाला होते. कपाटाचे कुलूपही त्या दिवशी हट्टाला पेटल्यासारखे वागले. घड्याळ आणून पंचांच्या टेबलावर ठेवले तेव्हा तेथे नुकत्याच संपलेल्या एका सामन्याची निकालचिठ्ठी पडली होती. एका दुसऱ्या संघाच्या चौथ्या खेळाडूने आपला पाचवा डावही जिंकला होता. म्हणजे माझी बरोबरी झाली तर ते पुस्तक त्याचे!

पटावर परतलो तेव्हा माझी सात मिनिटे गेली होती.

पुढचे सांगणे मला आजही जड जाते. आमचा पहिला पट हरला, दुसरा जिंकला आणि तिसरा बरोबरीत सुटला. दीड–दीड गुण झाले. माझ्या पटावर दोन्ही बाजूंना एक एक हत्ती उरला होता आणि मजजवळ एक प्यादे अधिक होते. माझी नऊ मिनिटे शिल्लक होती, त्याची सोळा. प्रतिस्पर्ध्याने चाल केली आणि कळ दाबण्यापूर्वी हळूच विचारले, "बरोबरी?"

आमचा संघनायक मागे उभा होता. अशा वेळी बरोबरी घ्यावी की घेऊ नये, एवढेच सांगण्याचा अधिकार नायकाला असतो. पटावरील स्थितीविषयी अवाक्षरही काढता येत नाही. त्याने एकच शब्द उच्चारला, "घे."

मी ऐकले. आम्हांला अर्धा गुण पुरेसा आहे, हे मलाही पक्के ठाऊक होते. परंतु टेबलावरची ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी हत्ती उचलला आणि पुढच्या घरात ठेवला. चाल केली की पुढे आलेला प्रस्ताव आपोआप नाकारला जातो. मागे नायकाची पावले दूर गेल्याचे मला ऐकू आले.

प्रतिस्पर्धी चांगला खेळला. माझे प्यादे पुढे सरके, तो शह देई. मी राजा हलवी, तो पुन्हा शह देई. मार्ग आहे, मार्ग आहे, असे मला सारखे वाटत होते आणि तो शोधण्यात मी घड्याळाकडे पाहण्याचे विसरलो. शेवटी त्याने काही न बोलता बोटाने तबकडीकडे दाखविले. झेंडी पडली होती. ती सात मिनिटे हाती असती तर मी जिंकलो असतो, असे पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत असे. पण तो डाव नंतर मांडून पाहिला तेव्हा जिंकण्याची वाट मला त्यात सापडली नाही.

निकाल फळ्यावर लिहिण्याचे काम चिटणिसाचे होते. मी खडू घेतला आणि आमच्या महाविद्यालयाच्या नावापुढे दीड व त्यांच्या नावापुढे अडीच असे लिहिले. बक्षीससमारंभात ते पुस्तकही मीच वेष्टनातून काढून प्राचार्यांच्या हाती दिले. ज्याला ते मिळाले, तो मुलगा जागेवर जाऊन लगेच वाचू लागला.

संध्याकाळी सारे संघ एस.टी.ने परत गेले. रिकाम्या वर्गात मी मोहरी मोजून पेट्यांत भरीत होतो. दार वाजले. नायक आत आला, समोरच्या बाकावर बसला आणि एक पेटी ओढून घेऊन तोही मोजू लागला. डावाविषयी तो काही बोलला नाही. मलाही बोलण्याचे धैर्य झाले नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पुढच्या वर्षी किल्ली द्यायला माणूस वेगळा नेमू." आणि मग पेटीत पुन्हा एकदा पाहून, "यात एकतीसच आहेत. एक काळे प्यादे कमी आहे."

आम्ही दोघे बाकांखाली शोधू लागलो.