खातं निल झालं, आता पुढे?

वाशिम जिल्ह्यात पैसा वर्षातून दोनदा हलतो. एकदा दसरा-दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन बाजार समितीत उतरतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्चात तूर-हरभरा येतो तेव्हा. रिसोड घ्या, मानोरा घ्या, कारंजा घ्या. शिंपी, वेल्डर, सलूनवाला, ट्रॅक्टर मेकॅनिक, सगळ्यांचे गल्ले याच वेळी भरतात. ज्याच्या नावावर गुंठाभर वावर नाही, तोही इथे अर्धा कास्तकारच असतो. फरक एवढाच की त्याला पीक कर्ज नाही आणि माफीही नाही. 2017 ची दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आणि 2019 ची दोन लाखांपर्यंतची, दोन्ही त्याच्या दुकानासमोरून निघून गेल्या.

हंगामाचाही भरवसा नाही. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीनने क्विंटलमागे दहा हजारांचा आकडा ओलांडला, पण तेव्हा बहुतेकांच्या घरात विकायला माल शिल्लक नव्हता. नवं पीक आलं आणि भाव घसरला. 2024 च्या हंगामात हमीभाव होता 4,892 रुपये. खुल्या बाजारात पुष्कळांचं सोयाबीन त्याखालीच गेलं. कास्तकाराच्या हातात कमी आलं की गावातल्या प्रत्येक वहीवर त्याची उधारी लांबते.

मालेगाव तालुक्यातला एक मोटार रिवाइंडिंगवाला हे सगळं भोगून बसला आहे. त्याचं नाव इथे गरजेचं नाही. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, कॉइल काढून नवी तार भरायची, बेअरिंग बदलायचं, हा त्याचा धंदा. रब्बीत व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि तो रात्री उशिरापर्यंत बसलेला असतो. जुलै-ऑगस्टात मात्र पाऊस पंपाचं काम करतो आणि हा दुकानात माशा मारतो. त्याच्यावर तीन देणी होती: दुकानासाठी घेतलेलं बँकेचं कर्ज, गहाण पडलेले दागिने आणि बायकोच्या नावावरचा गटाचा हप्ता. काही वर्षं घासून-पुसून त्याने तिन्ही फेडली. खातं निल झालं.

पुढच्याच पावसाळ्यात त्याने शेकडा तीन रुपयांनी खासगी पैसे उचलले.

असं का झालं? उधळपट्टी म्हणावी तर तीही नव्हती. हप्ता होता तोवर दिवाळीतल्या कमाईवर आधीच कोणाचा तरी हक्क होता. हप्ता संपला आणि ते पैसे मोकळे झाले. घराला रंग, मुलाला मोबाईल, भाच्याच्या लग्नात आहेर. एकेक खर्च रास्त होता. पण गल्ला आणि घर यांच्यामध्ये भिंतच नव्हती. तांब्याच्या तारेचे पैसे किराण्यात गेले, आणि आषाढात तार आणायला हातात काही उरलं नाही.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. ऐकताना तीन रुपये फार वाटत नाहीत, तिथेच फसगत होते. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर 15 आणि नसेल तर 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. व्याज मुद्दलाच्या वर वसूल करायलाही कायद्याची मनाई आहे. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते. पण ज्याच्या ओट्यावर रोज बसायचं त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

या वेळी नवरा-बायको वही घेऊन बसले. मागच्या बारा महिन्यांची कमाई मांडली, तार, बेअरिंग, भाडं, लाइटबिल वजा केलं आणि उरलेल्याला बाराने भागलं. आकडे उदाहरणादाखल असे धरा: वर्षाची निव्वळ कमाई 2 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला सरासरी 20 हजार. घरात पगार म्हणून घ्यायचे 16 हजार, नोव्हेंबरातही तेवढेच आणि ऑगस्टातही तेवढेच. वर्षाकाठी मागे राहतात 48 हजार, म्हणजे घराचा तीन महिन्यांचा खर्च. यासाठी दुकानाचं खातं वेगळं हवं आणि त्याचं एटीएम कार्ड दुकानातच राहायला हवं. दिवाळीत हे अवघड जातं. गल्ल्यात नोटा दिसत असतात आणि पगार सोळाच हजार!

त्याच्या धंद्यात आणखी एक पैसा असतो, जो वहीत कधीच चढत नाही. जळालेल्या मोटारीतून निघालेली काळी पडलेली तांब्याची तार पोत्यात साठते आणि मोडीत जाते. मोडीचे पैसे इतकी वर्षं चहापाण्यात, सटरफटर खर्चात विरत होते. आता ते पोस्टाच्या आवर्ती ठेवीत जातात. महिन्याला 100 रुपयांपासून ही ठेव सुरू करता येते, मुदत पाच वर्षांची. पतसंस्था याहून जास्त व्याज देतात हे खरं, पण तिथे एक गोष्ट नीट माहीत असावी. बँकेतल्या ठेवीला, मग ती जिल्हा सहकारी बँक का असेना, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अडीअडचणीसाठी राखलेले पैसे तिथे ठेवू नयेत, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे.

उधारीचंही त्याने वेगळं ठरवलं. "भाऊ, लिहून ठेवजा, सोयाबीन निघालं की देतो ना बाप्पा," हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागतं आणि त्यावर नाही म्हटलं तर गावात धंदा चालत नाही. म्हणून तार-बेअरिंगचे पैसे रोख आणि मजुरी तेवढी उधार. बुडालीच तर मेहनत बुडते, भांडवल शाबूत राहतं.

कर्ज फिटल्यावर कागद मात्र अनेकांचे अर्धवट राहतात. बेबाकी दाखला घेतलाच पाहिजे. तारण दिलेल्या मिळकतीची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत परत करायची, स्वतःच्या चुकीने उशीर केला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. शेत तारण असेल तर सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा उतरला का ते पाहावं. त्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतो. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तडजोडीने कर्ज मिटवलं असेल तर त्यात खातं 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी हा शब्द आडवा येतो.

सिबिल चांगलं झालं की दुसरीच गंमत सुरू होते: कर्ज देणारे स्वतःहून दारात येतात. "वहिनी, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, या वेळी मोठी रक्कम देतो." सूक्ष्म कर्जाच्या नियमानुसार कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. पण मासिक उत्पन्न कोणत्या महिन्याचं? विचारणारा कार्तिकात आला तर त्याला भरलेला गल्ला दिसतो, आणि हप्ता श्रावणातही येतोच. आपल्या घराची मर्यादा सगळ्यात कोरड्या महिन्यावरून आपणच ठरवायची.

विम्याचाही असाच घोळ होतो. जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. नेमके तेव्हा बियाणं, शाळेची पुस्तकं यांनी खातं कोरडं पडलेलं असतं. पैसे कापले गेले नाहीत तर विमा थांबतो आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून त्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये राहू द्यावेत.

दिवाळीनंतर त्याचा साडू आला. ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन हवा होता आणि याचं सिबिल आता स्वच्छ होतं. 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडेच जावं असं बंधन नाही. त्याने सही केली नाही. साडूने दुसरा जामीनदार शोधला, ट्रॅक्टर आला, आणि त्याच्या पूजेचं बोलावणं काही मालेगावला आलं नाही.