ओमच्या खोकल्याबद्दल

चि. मृणाल हिस,


फोनवर तू ऐकवलास तो खोकला क्रूपचाच. दोन दिवस सर्दी, मग घसा बसणं, आणि मध्यरात्री पोर कुत्रा भुंकल्यासारखं खोकत उठणं, ही त्याची ठरलेली चाल. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तो जास्त गाठतो. ओम सव्वा वर्षाचा, म्हणजे ऐन वयातला. डॉक्टरांनी तपासून औषधाचा एक डोस पाजला आणि घरी पाठवलं, ते योग्यच केलं. पण हा आजार दिवसा दडून बसतो आणि रात्री उचल खातो. पहिलीपेक्षा दुसरी रात्र पुष्कळदा जड जाते. म्हणून आजच लिहायला बसले. लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी सरली, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगते.

खोकला कितीही भयंकर वाटला तरी त्याच्याकडे फार लक्ष देऊ नकोस. श्वास आत घेताना काय ऐकू येतं तिकडे कान ठेव. विषाणूमुळे, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या, स्वरयंत्राच्या जरा खाली सूज येते. नेमकं तिथं श्वासाच्या वाटेभोवती कूर्चेचं बंद कडं असतं, त्यामुळे सुजेला बाहेर फुगायला जागा नसते, ती आतच येते. 4 मिलिमीटर रुंदीची वाट सगळीकडून 1 मिलिमीटर सुजली की हवेला जागा उरते ती चौथा हिस्सा. तुझ्या-माझ्या घशाला तेवढ्याच सुजेने नुसता आवाज बसतो. लहानग्याला मात्र हवा जोर लावून ओढावी लागते, आणि त्या ओढीचा कर्कश आवाज येतो.

तो आवाज रडताना, धावताना आला आणि शांत झाल्यावर गेला, तर घरी थांबायला हरकत नाही. तुझ्या मांडीवर निवांत असताना किंवा झोपेतही येत राहिला, तर सकाळची वाट बघायची नाही. सदरा वर करून बघ: गळ्याखालची खळगी, बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जाते का? जात असेल तर निघ. देवरुखहून रत्नागिरीचा रस्ता रात्रीचा वळणांचा, शहरातल्या आईपेक्षा तू तासभर आधीच निर्णय घ्यायला हवा. जाताना त्याच्या श्वासाचं मोबाइलवर चित्रण करून ठेव. दवाखान्यात पोचेपर्यंत ही मुलं हसायला लागतात आणि आईच खोटी ठरते.

एक फसवी गोष्ट आहे. आवाज कमी झाला म्हणजे सूज उतरलीच असं नाही. मूल दमून गळून गेलं, ओठ निळसर दिसले, हाकेला नीट बघेना आणि आवाज मंदावला, तर ते थकलेलं मूल आहे. मग 108 ला फोन, एक मिनिटही न दवडता.

रडणं हा या आजाराचा मोठा शत्रू. रडताना मूल हवा आणखी जोरात खेचतं, सुजलेली वाट आणखी आवळते. म्हणून त्याला मांडीवर ताठ बसव, त्याला आवडेल तसं. जबरदस्तीने आडवं करू नकोस. दिवा मंद ठेव. घसा बघायला चमचा तोंडात घालायचा नाही, नाकात थेंब घालायला हातपाय धरायचे नाहीत. पाणी घोटघोट, दूध मागेल तेव्हा. ताप असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल. आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच्याभोवती गोळा होऊन ‘अगंबाई, कसं होणार’ म्हणायचं नाही, हे जावयांनाही सांग.

वाफेचं पातेलं तर आणूच नका. पूर्वी दवाखान्यांतूनही वाफेचे तंबू लावत. पुढे तुलना करून पाहिलं तेव्हा क्रूपला त्याचा फायदा दिसला नाही. उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मात्र मी पुष्कळ पाहिली. गार हवेत नेल्याने बरं वाटतं असं जुने लोक म्हणायचे, त्यात तथ्य निघालं: 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातल्या अभ्यासात 10 अंशांखालच्या हवेत अर्धा तास बसवलेल्या मुलांचा, विशेषतः मध्यम तीव्रतेचा, त्रास लवकर हलका झाला. देवरुखात तेवढा गारठा कुठून आणणार! अंगणात शाल पांघरून थोडा वेळ बस, नुकसान नाही.

सासूबाईंचा मध ओमला चालेल, वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. त्यावरून वाद घालू नकोस. पण धुरी नको, छातीला बिब्बा नको. शेजारणीकडचं नेब्युलायझर मशीनही नको. त्यातलं दम्याचं औषध फुप्फुसातल्या नळ्या मोकळ्या करतं, इथे अडचण वरती आहे. विषाणूचा आजार, म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. ओमला पाजलं ते डेक्सामेथासोन. त्याचा परिणाम दोनेक तासांत दिसू लागतो, सहसा एकाच डोसवर भागतं. उरलेलं औषध आपल्या मनाने परत द्यायचं नाही. दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिनची वाफ दिली, तर मूल एकदम टवटवीत दिसेल. तिचा जोर दोन तासांत ओसरतो, म्हणून ते थांबवून ठेवतील. कंटाळून घरी परतू नका.

क्रूपसारखंच वाटणारं पण वेगळं असतं, तेही ओळख. सर्दी-तापाचं नाव नसताना, खेळता-खाता एकदम ठसका लागून आवाज सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा फुटाणा अडकला असेल. तापाने फणफणलेलं मूल पुढे झुकून बसलं, लाळ गिळता येईना आणि खोकला जवळजवळ नाहीच, तर ती स्वरयंत्रावरच्या झाकणाची सूज असू शकते. दोन्हींत तोंडात बोट न घालता सरळ मोठं रुग्णालय गाठ. सासूबाई ‘डांग्या’ म्हणताहेत, तो हा नव्हे. त्यात उबळ संपत नाही, शेवटी उलटी होते आणि तो आठवडेच्या आठवडे चालतो. क्रूप तीन-चार दिवसांत आटोपतो, सर्दी रेंगाळते तेवढीच. पुढच्या सर्दीत परत झाला तर नवल मानू नकोस, काही मुलांना होतो.

ओमचं लसीचं कार्ड शोधून ठेव. पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस झाले असतील तर त्या झाकणाच्या सुजेची आणि घटसर्पाची भीती खूपच कमी. सोळा महिने पूर्ण झाले की डीपीटीचा बूस्टर लागतो, म्हणजे पुढच्याच महिन्यात. आशाताईंना आत्ताच तारीख विचारून घे.

तुझी,
शोभामावशी