आधी बाई, मग अहवाल

पोर टाकीत पडलं, खिचडीच्या पातेल्यानं भाजलं, अंगणात साप चावला. अंगणवाडीत असं काही घडलं की फोन मुख्य सेविकेलाच येतो. तू या कामात नवीन, तेव्हा तुला पहिली धास्ती वाटेल ती अहवालाची. अहवाल काय, रात्रीही लिहिता येतो. पोराला दवाखान्यात नेलंय ना, आईबापांजवळ कुणी आहे ना, एवढं बघ आणि मग थेट अंगणवाडी सेविकेकडे जा. तोवर गावानं तिच्यावर बोट ठेवलेलं असतं, आणि घरी नवराही म्हणतो, "तुझं लक्ष कुठं होतं?" तुझ्या तोंडून ते वाक्य चुकूनही निघू देऊ नकोस.

तिच्याशेजारी बस. पाणी दे, चहात साखर जास्त घाल. हात थरथरतील, किंवा ती अगदी दगडासारखी बसेल. न रडणारीला काही वाटत नाही, असं समजू नकोस. तिला एकटीला घरी पाठवू नकोस, कुणीतरी सोबत दे.

घटनेचा क्रम ती उलटसुलट सांगेल. खोटं बोलते म्हणून नव्हे. धक्क्यात आठवण अशीच तुकड्यातुकड्यांनी येते. म्हणून जबाब तिच्याच शब्दांत घे, वाचून दाखव, मगच सही. नक्कल तिच्याकडेही राहू दे. पोलीस, प्रकल्प अधिकारी, सरपंच असे सगळे तिलाच बोलावतील. दरवेळी तू बरोबर जा. मासिक बैठकीत तर तिला उभं करून "काय झालं ते सर्वांना सांग" म्हणायचंच नाही. घडलेलं लगेच वदवून घेतलं की मन मोकळं होतं, असा समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका मात्र सांगते, बोलायची सक्ती करू नका. ती बोलली तर ऐका. मलाही तेच पटतं.

आणि मदतनीस! तिला सगळे विसरतात. कागदावर नाव सेविकेचं, पण पोराला टाकीतून उचलणारी बहुधा तीच. आमच्या बीटमधली एक मदतनीस खिचडीच्या पातेल्यानं पोर भाजल्यानंतर तेच पातेलं घासत राहायची. राखेनं घासायचं, पालथं घालायचं, पुन्हा सुलटं करून घासायचं. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पोराच्या घरी जायचं का, हे सेविका विचारेल. आईबापांची तयारी आहे का ते आधी जाणून घे. असेल तर तू सोबत जा. नसेल तर दारात तमाशा नको.

अंगणवाडी पुन्हा उघडशील तेव्हा पहिला आठवडा शेजारच्या केंद्रातली सेविका सोबत ठेव. टाकीला झाकण मात्र त्याआधी बसव; झाकण नसताना नुसता धीर देणं मला ढोंग वाटतं. पोषण ट्रॅकर ॲपवरची नोंद दोन दिवस राहिली तर वरिष्ठांची बोलणी तू खा.

झोप उडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं हे सुरुवातीला बहुतेकींना होतं. महिना उलटूनही कमी झालं नाही, तर तिला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात ने. ती जगण्याला कंटाळल्याचं बोलली तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. तिच्या मोबाइलमध्ये तूच साठवून दे. मदतनीसच्याही.